नवी मुंबईच्या करावे गावातल्या नव्या घराचं नेटवर्क : कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

गच्चीच्या स्लॅबचं सेंटरिंग बांधून झालं. उद्यापासून लोखंड बांधायला घेतील आणि पुढच्या रविवारी काँक्रीट पडेल. खालचे दोन स्लॅब पावसाळ्याआधी झाले, त्यांत नेटवर्कचे पाइप टाकून घेतले आहेत. या स्लॅबनंतर काँक्रीटमध्ये काही घालता येणार नाही, म्हणून आजपासून सगळं तारखेनिशी लिहून ठेवते.

घर तळमजला अधिक दोन मजले. खाली आई-बाबा, म्हणजे माझे सासू-सासरे. मधे आम्ही. वर भावजी, जाऊबाई आणि पुतण्या. मी स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे ड्रॉइंगचं काम करते, निम्मा आठवडा घरून. भावजींच्या मीटिंगा रात्री असतात. पुतण्याचा अभ्यास आणि खेळ दोन्ही कॉम्प्युटरवर.

जुन्या घरात राउटर ओटीवर होता. पोटमाळ्यावर बोलायचं तर मोबाइल खिडकीपाशी धरावा लागे. नव्या घरात प्रत्येक मजल्यामध्ये काँक्रीट आहे आणि त्यात सळ्यांची जाळी. शिवाय हे गावठाण. खिडकीतून हात बाहेर काढला की शेजारच्या ग्रिलला लागतो. मोबाइलवर पाहिलं तर आजूबाजूच्या घरांची वायफायची नावं संपत नाहीत, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. एवढ्या घरांनी ते तीन वाटून घ्यायचे. राउटर कितीही महागाचा आणला तरी हे गणित बदलत नाही.

म्हणून ठरवलं की जे एका जागी बसतं ते तारेवर जाईल. टीव्ही, कामाची टेबलं, कॅमेरे. मोबाइल आणि टॅब वायफायवर, आणि त्यासाठी प्रत्येक मजल्याच्या छतात वायफाय पसरवणारा एक अ‍ॅक्सेस पॉइंट, तोही तारेनेच जोडलेला. वायफाय भिंती आणि स्लॅब फोडत फिरणार नाही, त्या त्या मजल्यापुरतं राहील.

सगळ्या तारा जिथे एकत्र येतात ती जागा पहिल्या मजल्यावर, जिन्यालगतच्या कोपऱ्यात धरली आहे. बाबांनी जिन्याखालचं कपाट सुचवलं होतं. पण खाडी जवळ आहे, पावसाळ्यात तळमजल्याच्या भिंतींना ओल धरते, तिथे वीज आणि यंत्रं ठेवायला माझं मन धजत नाही. मधल्या मजल्यावरून वर-खाली अंतरही सारखं पडतं.

१५ नोव्हेंबर

स्लॅबमधले पाइप टाकले. २५ मिलिमीटरचे, आयएसआय मार्क पाहून घेतलेले, मीडियम गेजचे. लाइटचे पाइपही त्याच रंगाचे असल्यामुळे नेटवर्कच्या प्रत्येक पाइपाच्या दोन्ही तोंडांना निळी टेप गुंडाळली.

इलेक्ट्रिशियन दादांशी आधीच बोलून ठेवलं होतं की वळणावर तयार काटकोनी एल्बो नको. त्या एल्बोतून लाइटची वायर ओढली जाते, पण नेटवर्कची केबल जिथे चिमटते तिथे आतल्या तारांच्या जोड्यांचा पीळ बिघडतो. केबलच्या जाडीच्या चौपट तरी वळणाची त्रिज्या हवी, म्हणजे आमच्या केबलला साधारण २५ मिलिमीटर. दादांनी पाइपात स्प्रिंग घालून, गुडघ्यावर दाबून लांब वळणं दिली. दोन बॉक्सच्या मधे दोनपेक्षा जास्त वळणं येऊ दिली नाहीत.

पाइप केवढा, याचा हिशेब असा. २५ मिलिमीटरचा पाइप आतून साधारण २१ मिलिमीटर. आमची नेटवर्कची केबल कॅट ६ या दर्जाची, सहा मिलिमीटरच्या आसपास. पाइपाच्या आतल्या जागेच्या चाळीस टक्क्यांपर्यंतच भरायचं, म्हणजे कागदावर चार केबली बसतात, वळणं असली की तीनच सुखाने जातात. मी प्रत्येक बॉक्सला दोन धरल्या आहेत. तिसऱ्या केबलची जागा रिकामी राहू दे. आज घालतोय त्या केबली पंधरा-वीस वर्षांनी कुणालातरी काढून दुसऱ्या घालायच्या असतील, कदाचित काचेच्या, म्हणजे फायबरच्या. त्या वेळी भिंत फोडावी लागू नये, एवढीच माझी धडपड आहे. सगळ्यांचं लक्ष केबल कुठली आणि राउटर कुठला याकडे असतं. मी पैसे आधी पाइपात घालायला सांगेन.

तळमजल्यापासून गच्चीपर्यंत उभे दोन पाइप आहेत, ५० मिलिमीटरचे. एकात केबली जातील, दुसरा मोकळा.

१७ नोव्हेंबर, रविवार

स्लॅब झाला. सकाळपासून वरच होते. पाइप खालच्या आणि वरच्या सळ्यांच्या मधे बाइंडिंग वायरने बांधले होते, तोंडं कापडाचे बोळे कोंबून टेपने बंद केली होती. काँक्रीट ओतताना माणसं पाइपावर पाय देतात, व्हायब्रेटरची सुई पाइपाला लागते, आणि त्या गडबडीत दोन पाइप जोडणारा कपलर निघाला तर आत स्लरी, म्हणजे सिमेंटचं पातळ पाणी, शिरते. प्रत्येक बॉक्सपाशी उभं राहून बघत गेले. एका ठिकाणी कपलर सरकलेला दिसला. मुकादमांना सांगितल्यावर त्यांनी घमेली थांबवून तो पुन्हा बसवून घेतला. अर्ध्या मिनिटाचं काम, पण त्याच क्षणी करायचं काम.

बुधवारी, २० तारखेला विधानसभेचं मतदान. साइट बंद राहील, स्लॅबवर पाणी मारायला आम्ही घरचेच जाणार.

१२ डिसेंबर

भिंती ब्लॉकच्या आहेत. कटर मारून झिऱ्या पाडायचं काम चालू. दादा म्हणाले, "ताई, लाइटच्या पाइपात जागा आहे. नेटची वायर त्यातूनच घेऊ, एवढी झिरी कशाला पाडायची?"

त्यांचं म्हणणं कष्ट वाचवण्याचं होतं आणि बरेच जण असंच करतात. पण २३० व्होल्टची वायर आणि नेटवर्कची केबल एका पाइपात नाहीच घालायची. उद्या लाइटच्या वायरचं आवरण कुठे खरचटलं तर तो करंट केबलवरून थेट कॉम्प्युटरपर्यंत, टीव्हीपर्यंत, हाताला लागेल तिथपर्यंत येतो. हे मी दादांना लहान मुलाचा हात टीव्हीच्या मागे जातो तेव्हाचं उदाहरण देऊन सांगितलं. पुढे बोलावं लागलं नाही. शिवाय पंखा किंवा पाण्याचा पंप चालू-बंद होताना विजेच्या वायरीतून जी खळबळ होते ती शेजारच्या केबलला जाणवते. म्हणून समांतर जाताना एक वीत अंतर ठेवलं. ओलांडायचंच असेल तिथे काटकोनात ओलांडलं.

बॉक्सही वेगळे. लाइटच्या बोर्डात नेटचं सॉकेट घालायचं नाही.

एक गोष्ट मी साइटवर सगळ्यांना बजावून ठेवली आहे. बीम आणि कॉलमला कटर लावायचा नाही. पाइप वळवून घ्या, लांबून आणा, पण सळीच्या जवळ जाऊ नका. माझं रोजचं कामच ते आहे, आणि कुठल्याही वायरीपेक्षा कॉलम मोलाचा आहे.

गिलावा चढायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढला, भिंतीला मोजमापाची टेप लावून. पुढे खिळा ठोकताना, एसी लावताना, पाइप कुठून गेलाय ते फोटोवरून सेंटिमीटरमध्ये कळेल. घर बांधणाऱ्या कुणालाही मी पहिलं हेच सांगेन. खर्च शून्य.

८ जानेवारी २०२५

आज सगळ्या पाइपांतून स्प्रिंग घालून पाहिली. एक अडला. पहिल्या स्लॅबमधला, तळमजल्यावर बाबांच्या खोलीच्या छताकडे जाणारा. दोन्ही बाजूंनी स्प्रिंग घातली, लांबी मोजली. मधे हातभर भाग घट्ट बसला आहे. स्लरीच.

दादा खालून थोडं फोडू म्हणाले. मी नको म्हटलं. तळातल्या सळीवर जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचं आवरण असतं, खाडीकाठच्या खाऱ्या हवेत ते उघडं पाडायचं म्हणजे गंजाला रस्ता करून द्यायचा. दुसरी वाट शोधली. बाथरूमच्या लॉफ्टवरून पाइप आणला, तिथून बाबांच्या खोलीच्या भिंतीच्या माथ्याने. खोलीत फॉल्स सीलिंगची पट्टी येणारच आहे, तिच्यामागे तो झाकला जाईल. अंतर जरा वाढलं. नेटवर्कला त्याने फरक पडत नाही, तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटरची आणि आमची सगळ्यात लांब केबल तिच्या चौथ्या हिश्श्यात आहे.

२५ जानेवारी

लॅमिंग्टन रोडला जाऊन केबल आणली. सीवूड्सहून गाडी पकडायची, कुर्ल्याला बदलून दादरला, तिथून ग्रँट रोड. येताना टॅक्सी केली, पेटी घेऊन लोकल जमणारी नव्हती.

बाजारात कॅट ६ लिहिलेली ३०५ मीटरची पेटी दोन अगदी वेगळ्या भावांत मिळते. स्वस्तातल्या पेटीत तार तांब्याची नसते. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा असतो. बाहेरून दोन्ही सारख्या. मी दुकानातच ब्लेड मागितलं आणि नमुन्याच्या तुकड्यातली एक तार खरवडली. मुलामा निघाला, खाली चांदीसारखं पांढरं दिसलं. दुसऱ्या पेटीतली तार खरवडत गेले तरी लालच. मग दोन्ही पेट्या उचलून पाहिल्या. ३०५ मीटर केबलमध्ये आठ तारा, प्रत्येकी ०.५७ मिलिमीटर जाडीची, म्हणजे नुसतं तांबंच साधारण साडेपाच किलो भरायला हवं. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या एक तृतीयांशापेक्षाही हलकं. हाताला फरक कळतोच.

हलक्या केबलने नेट चालतं, सुरुवातीला चालतंच. पण अ‍ॅल्युमिनियमचा विरोध जास्त. अ‍ॅक्सेस पॉइंटला आणि कॅमेऱ्याला वीजही याच केबलमधून द्यायची आहे, तिथे केबल तापते आणि पलीकडे व्होल्टेज कमी पोचतं. शिवाय तार एक-दोनदा वाकवली की तुटते, तीही भिंतीच्या आत, जिथे दिसत नाही. केबलच्या मानकांत अशी तार बसतही नाही. मला वाटतं पेटीवर नुसतं कॅट ६ छापून हा माल विकणं ही घर बांधणाऱ्या माणसाची उघड फसवणूक आहे. आयुष्याची पुंजी घालून घर बांधतात लोक.

दुकानदाराने कॅट ६ए पण दाखवली. ती १०० मीटरपर्यंत दहा गिगाबिट नेते. पण जाड, ताठ, आमच्या पाइपांतून जड जाईल. साधी कॅट ६ सुद्धा चांगल्या परिस्थितीत पन्नासेक मीटरपर्यंत दहा गिगाबिट नेऊ शकते, आणि घरात तेवढं अंतर कुठेच नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

केबली ओढल्या. गिलावा सुकला आहे, रंग लागायचा आहे, हीच वेळ.

पाइपांत आधीच जीआयची तार सोडलेली होती. तिच्या टोकाला दोन केबली एकापाठोपाठ एक बांधल्या, म्हणजे गाठ बोजड होत नाही, आणि वरून टेप गुळगुळीत गुंडाळली. दादांनी केबलला शंखजिऱ्याची पूड लावली. एकाने ओढायचं, दुसऱ्याने तिकडून सोडायचं, आणि दोघांनी एकमेकांशी बोलत राहायचं. ओढणाऱ्याच्या हाताला अकरा किलोच्या वर जोर लागायला लागला की थांबायचं, नाहीतर जोड्या ताणल्या जाऊन पीळ सैल होतो. वरच्या मजल्यावर एकदा अडली. जोर न लावता मागे घेतली, वळणाच्या तोंडाशी पाइपाची कापलेली कड धारदार राहिली होती. ती कानसने घासली, पुढची केबल लोण्यासारखी गेली.

भिंतीच्या बॉक्समध्ये वीतभर, आणि मधल्या कपाटात दीड मीटर जादा ठेवली. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नंबर. ओढायच्या आधीच लावला, कारण नंतर सगळ्या केबली सारख्या दिसतात. पुतण्याने वहीत लिहून घेतलं. कुठला नंबर, कुठली खोली, कुठली भिंत. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, वही त्याच्याकडेच राहील.

१६ मार्च

होळीला माणसं गावी गेली आहेत, साइट शांत. रंगाचा पहिला हात झाला आहे. सॉकेट बसवायला निवांतपणा मिळाला.

भिंतीतली केबल भरीव तारेची असते. तिच्या टोकाला थेट प्लग दाबायचा नाही, ती सॉकेटच्या आतल्या जॅकमध्ये बसवायची आणि पुढे यंत्रापर्यंत मऊ, सुटी पॅच केबल वापरायची. तारांच्या रंगांचा क्रम सगळीकडे टी-५६८बी या मानकाचा ठेवला. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. पुतण्या मोठ्याने म्हणत होता, मी बसवत होते. दुपारपर्यंत त्याला पाठ झालं होतं.

खरी काळजी पिळाची. प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली असते. बाहेरचा त्रास दोन्ही तारांवर सारखाच पडतो, आणि पलीकडचं यंत्र दोघींमधला फरक तेवढा वाचतं, म्हणून तो त्रास आपोआप वजा होतो. चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळ्या दाटीचा असतो, म्हणजे शेजारणींचा आवाजही एकमेकींत मिसळत नाही. हे इतकं साधं आणि इतकं सुंदर आहे की मी पुतण्याला केबल सोलून, जोड्या शेजारी ठेवून, पीळ मोजायला लावले. जॅकमध्ये घालताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उसवायचा नाही, अगदी जॅकच्या पातीपर्यंत पिळलेलाच न्यायचा.

टेस्टर लावला. सगळे आठ दिवे क्रमाने लागले पाहिजेत. जाऊबाईंच्या खोलीतल्या एका सॉकेटवर सातवा लागेना. जॅक बदलल्यावर लागला. हा दोष टेस्टरशिवाय सापडणं कठीण असतं, कारण १०० मेगाबिटला दोनच जोड्या लागतात, १-२ आणि ३-६. सातवी-आठवी तुटलेली असली तरी नेट चालत राहतं, फक्त गिगाबिटच्या जागी १०० वर. माणूस वर्षानुवर्षं कंपनीला बोल लावत बसतो आणि खोट घरातल्याच भिंतीत असते.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी नव्या गच्चीवर उभारली. संध्याकाळी मधल्या कपाटाचं काम. छोटा भिंतीवरचा रॅक, भिंतीतल्या केबली जिथे येऊन संपतात ते पॅच पॅनेल, आणि त्या सगळ्यांना एकमेकांशी जोडणारा स्विच. कपाटाच्या दाराला खाली-वर जाळी ठेवली, हवा खेळायला. स्विच केबलमधूनच वीज देतो, साध्या मानकाने एका पोर्टमधून १५.४ वॉटपर्यंत. तीन अ‍ॅक्सेस पॉइंट आणि दोन कॅमेरे त्यावर चालतील, छतात वेगळा लाइट पॉइंट लागला नाही. कपाटाला इन्व्हर्टरवरून वेगळी एमसीबी दिली आणि रॅकला अर्थिंग.

बाबांनी विचारलं, "फोन कुठे ठेवायचा?" जुन्या घरात एमटीएनएलचा फोन ओटीवर कोनाड्यात असे. पुढे त्याच दोन तांब्याच्या तारांवरून ट्रायबँड आलं आणि घरात पहिल्यांदा इंटरनेट आलं. फोन आता नाही, पण त्यांच्या खाटेजवळ एक सॉकेट दिलेलंच आहे. इंटरनेटवरचा फोन तिथे लागेल, डायल करायच्या बटणांचा. त्यांना मोबाइलवर बोलताना ऐकू कमी येतं.

१२ एप्रिल

फायबर आलं. आजची नोंद लांब होणार.

गल्लीच्या तोंडाशी खांबावर डबा आहे, तिथून आमच्या दारापर्यंत केबल हवेतून येते. गावठाणात खणायला जागाच नाही. बाहेरच्या भिंतीतून मधल्या कपाटापर्यंत फायबरसाठी वेगळा पाइप ठेवला होता, लांब वळणांचा. जोडणीला आलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, खिडकीच्या कोपऱ्यातून आणतो, दहा मिनिटांत होईल." मी म्हटलं, वेळ लागू दे, पाइपातूनच. खिडकीच्या फ्रेमला भोक पाडलं की पहिल्या पावसात पाणी आत येतं, आणि भिंतीवर क्लिपा ठोकत नेलेली केबल कुठेतरी करकचून वळतेच. मुलगा समजूतदार होता. पाइपातली तार पाहिल्यावर म्हणाला, असं घर क्वचित मिळतं.

केबलमध्ये काचेच्या तंतूबरोबर आधाराची पोलादी तार असते. ती बाहेरच्या हुकाला बांधून तिथेच कापायला सांगितली. काच वीज वाहून नेत नाही, पोलाद नेतं. वीज कडाडली तर घरात यायला धातूची वाट राहू नये. भिंतीत शिरायच्या आधी केबलला खाली झोल दिला, पाणी त्या झोलाच्या तळाशी ठिबकून पडावं, भोकात जाऊ नये.

मग जोडणी. हे काम मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. आवरण सोललं, लेप काढला, आत उरतो तो १२५ मायक्रॉनचा तंतू, आणि प्रकाश जातो तो त्याच्या गाभ्यातल्या ९ मायक्रॉनमधून. स्पिरिटने पुसला, कटरमध्ये ठेवला, टक असा आवाज. यंत्राच्या पडद्यावर दोन टोकं मोठी होऊन समोरासमोर आली, आपणहून एका रेषेत सरकली, ठिणगी पडली आणि एक झाली. हिरव्या टोपीचा कनेक्टर त्याने आधीच आणला होता. हिरव्याचं टोक आठ अंशांनी तिरपं घासलेलं असतं, परावर्तित प्रकाश मागे जाऊ नये म्हणून. निळ्याचं सरळ. हिरव्यात निळा घालायचा नाही, बसल्यासारखा वाटतो पण प्रकाश वाया जातो.

पोचलेला प्रकाश मोजायला मीटर लावला तर उणे २६ डीबीएम. उण्याचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. मुलगा म्हणाला, चालेल. चाललंही असतं त्या दिवशी. पण उणे २७च्या आसपास हा प्रकाश घरात वाचणाऱ्या नेहमीच्या प्रकारच्या यंत्राची मर्यादा येते. दर तीन डेसिबलला प्रकाश निम्मा होतो, आणि पुढे एखादा कनेक्टर धुळीने माखला की लाइन तुटायला सुरुवात. मी विनंती केली, खांबावरच्या डब्यात एकदा बघ. तो गेला. तिथे तंतू झाकणाखाली दुमडला गेला होता. सरळ करून परत आला, मीटरवर उणे १९.

खांबावरून येणारा एकच तंतू दोन्ही दिशांना काम करतो. खाली येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, वर जाणारा १३१० चा, एकमेकांत मिसळत नाहीत. आणि तो तंतू आमचा एकट्याचा नाही. वाटेत काचेचाच स्प्लिटर असतो, तो एका प्रकाशाचे ३२ किंवा ६४ वाटे करतो. ३२ वाटे म्हणजे नुसत्या वाटणीतच १५ डेसिबल गेले. त्या सगळ्या घरांत मिळून खाली यायला अडीच गिगाबिट आणि वर जायला सव्वा. उणे १९ चं मोल यातून कळतं.

१९ एप्रिल

मोजमापं. भावजींचा लॅपटॉप वर, माझा मधे, दोन्ही तारेवर, आयपर्फ हा वेग मोजणारा प्रोग्राम लावून. ९४१ मेगाबिट. हजार का नाही, असं पुतण्याने विचारलं. तारेवर जाणाऱ्या दर १५३८ बाइटांमध्ये आपला माल १४४८ बाइटांचा असतो, बाकी पत्ते, तपासणी आणि दोन पाकिटांमधली मोकळी जागा. भागाकार त्यानेच केला. म्हणजे केबल जितकं देऊ शकते तितकं सगळं देते आहे. पुन्हा एकदा सगळ्या सॉकेटांवरून घेतलं. बाबांच्या खोलीतलं, लॉफ्टवरून फिरून आलेलं, तेही तितकंच.

वायफायसाठी तीन मजल्यांना २.४ मध्ये १, ६, ११ दिले आणि ५ गिगाहर्ट्झमध्ये ४० मेगाहर्ट्झ रुंदीचे ३६, ४४, १४९. पॉवर मुद्दाम कमी ठेवली. जास्त ठेवली तर मोबाइल जिना चढून वर गेला तरी खालच्यालाच चिकटून राहतो. सगळीकडे एकच नाव आणि एकच पासवर्ड. आई व्हिडिओ कॉलवर बोलत बोलत खालून गच्चीपर्यंत गेल्या, त्यांच्या बहिणीला अख्खं घर दाखवलं, आवाज एकदाही तुटला नाही. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. मला फार बरं वाटलं.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

वास्तुशांत. पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय चालू ठेवलं होतं, घरच्या यंत्रांपासून तोडलेलं. गर्दीतही टेबलांवरच्या तारांना काही जाणवलं नाही.

२७ मे

काल पाऊस मुंबईत दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, यंदा फार लवकर. रात्रभर कोसळला. गच्चीच्या कॅमेऱ्यापाशी पाणी येतंय का ते पाहिलं, फायबर शिरतो तिथली भिंत हाताने चाचपली. कोरडी. झोलाच्या तळाशी थेंब लोंबत होते.

लाइट गेली तेव्हा कपाट इन्व्हर्टरवर चालू राहिलं. भावजींची मीटिंग चालू होती, त्यांना लाइट गेल्याचं पंखा बंद पडल्यावर कळलं. त्यांच्या खोलीतला पंखा इन्व्हर्टरवर घ्यायचा राहिलाय, दादांना सांगितलं.

घराबाहेर जाणारी तांब्याची केबल आता एकच, गच्चीच्या कॅमेऱ्याची. तिला कपाटात शिरण्याआधी, विजेचा झटका जमिनीत सोडणारा सर्ज प्रोटेक्टर लावला, त्याची अर्थिंगची वायर जाड आणि आखूड ठेवली. गच्चीवरच्या मोकळ्या पाइपाचं तोंड आधी टेपने बंद केलं होतं, ती टेप उन्हाने सुटायला लागली आहे. त्याला पक्की टोपी आणि सीलंट. दादा शनिवारी पाऊस उघडला तर येतो म्हणालेत. पुतण्याच्या वहीची आणि भिंतींच्या फोटोंची एक प्रत घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये, प्लॅनच्या मागे लावली.